घडी मोडली नाही

“मावशी म्हनू नको मले. मावशीचा या घरात हिस्सा नसते. आत्या म्हन. आत्याचा असते.”

हे तिचं माझ्याशी पहिलं बोलणं. मी नुसतं “या मावशी, काय काढायचंय?” एवढंच विचारलं होतं. तिनं हातातली पिशवी झेरॉक्स मशीनच्या झाकणावर ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि उभ्या उभ्या नातं ठरवून टाकलं. त्या दिवसापासून मी तिची भाची.

पिशवीतून तिनं एक कागद काढला. पटवाऱ्याच्या, म्हणजे तलाठ्याच्या, अहवालाची नक्कल होती. वर तिच्या वारलेल्या बापाचं नाव, त्याच्याखाली वारस म्हणून एक रेघ ओढलेली, आणि रेघेखाली एकट्या भावाचं नाव.

“पाह्य वं, यात मी कोठं हाव?”

मी आठवीत शाळा सोडलेली. सरकारी कागद हातात आला की मला घाम सुटतो. त्यात इथले कागद हिंदीत. मी दोनदा वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली. मग भीत भीत म्हणाले, “आत्या, तुमचं नाव नाही यात.”

“हौ. तेच तं. पाच कॉप्या काढ.”

ज्या कागदात आपण नाही त्याच्या पाच प्रती काढून घेणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. प्रती निघेपर्यंत ती मशीनच्या हिरव्या उजेडाकडं टक लावून बघत राहिली. मग एकेक प्रत तपासून घेतली. सगळ्यांत ती सारखीच गैरहजर होती. समाधानानं मान हलवून म्हणाली, “आता येते वकिलाकडं.” म्हणजे खरं तर ती “येतो” म्हणाली. इकडं बायकाही येतो, जातो, करतो असंच बोलतात. मला सवय व्हायला वर्ष लागलं.

मी इकडची नाही. सांगोल्याकडची. ज्वारीच्या भाकरीवर वाढले. नवरा बोअरच्या गाडीवर मेकॅनिक. गाडी हिंदी मुलखात, बालाघाटला आली, मालकानं ती इथंच एकाला विकली, आणि गाडीबरोबर आम्हीही विकल्यासारखे इथं राहिलो. नवरा आठवडा आठवडा लांजीच्या, कटंगीच्या रानात भोकं पाडत हिंडतो. एका म्हाताऱ्या मुन्शीनं, म्हणजे वकिलाच्या कारकुनानं, कोर्टाच्या भिंतीला लागून असलेली त्याची टपरी आणि मशीन माझ्या हवाली केलं. ना ओळख ना पाळख. बाईमाणूस सचोटीनं कागद सांभाळेल एवढंच म्हणाला. त्याचे उपकार आहेतच. पण मी सारखी घाबरलेली असायची. कुणाचा मूळ कागद काचेवर राहून गेला तर? पान मागंपुढं झालं तर? माझ्या चुकीनं कुणाची केस बुडाली तर? संध्याकाळी शटर ओढून घेतल्यावर मी पुन्हा उघडून काच बघायची.

तुम्ही कधी कोर्टाबाहेर बसून माणसं पाहिली आहेत? पाहा एकदा. जमिनीच्या दाव्याची माणसं लगेच ओळखू येतात. कागदाची पिशवी ती मांडीवर घेत नाहीत, पोटाशी धरतात. फौजदारीवाले चहा पितात, जमिनीवाले घरून पाणी आणतात. त्यांना माहीत असतं, हे लांबचं काम आहे.

आत्या सहा वर्षं आली. तारखेला इकडं पेशी म्हणतात. टायपिस्ट, स्टॅम्पवाला, चहावाला सगळे तिला पेशीवाली बाई म्हणायचे. तिला ते आवडायचं. “नाव तं पडलं एक,” म्हणायची.

दावा साधा होता. हट्टा गावाकडं तिच्या माहेरी नऊ एकर धानाच्या बांध्या. आजोबापासून चालत आलेल्या. बांध्या म्हणजे बांध घालून पाणी अडवलेली धानाची वाफेवजा शेतं. आई आधीच गेलेली. बाप गेला तेव्हा मागं दोनच लेकरं, ही थोरली आणि एक धाकटा भाऊ. भावानं तेराव्यानंतर तहसिलीत अर्ज करून सगळं आपल्या नावावर लावून घेतलं. पटवाऱ्यानं विचारलं, वारस किती? गावानं सांगितलं, एक. खोटं सांगतोय असं कुणाला वाटलंसुद्धा नाही. मुलगी म्हणजे वारस, हे त्यांच्या मोजणीतच नव्हतं.

तिनं मला कायदा शिकवला. वकील तिला सांगायचा, ती मला सांगायची. “वाडवडिलाचं वावर हाये. पोरगा जलमला की त्याचा हिस्सा जलमते. पोरगी जलमली तरी जलमते. मी तं त्याच्या सात वर्सं आंधी जलमली. सात वर्सं सारं माहंच होतं म्हन नं!”

वकिलानं हे शेवटचं कधीच सांगितलं नसणार. ते तिचं स्वतःचं कलम होतं.

आता तिच्या पिशवीबद्दल सांगते. त्यात कागदांच्या खाली कायम एक लुगडं असायचं. नवं कोरं, गर्द जांभळं, दुकानातून आलं तसं पुठ्ठ्यावर घडी घातलेलं. कोपऱ्यातली टाचणीसुद्धा काढलेली नव्हती. पहिल्यांदा मला वाटलं, बाई कुणाकडं कार्याला निघालीय. चौथ्या पेशीलाही तेच लुगडं दिसलं तेव्हा मी विचारलं.

“हे? हे माहे साडेचार एकर व्हय,” ती म्हणाली.

त्यांच्याकडं अशी रीत आहे. बापाच्या तेराव्याला भाऊ बहिणीला लुगडं देतो. पाच पंच अंगणात बसलेले असतात. बहिणीनं लुगडं नेसून देवापुढं डोकं टेकलं की पंच म्हणतात, “पावलं.” म्हणजे तिचं तिला मिळालं. माहेरच्या मातीवरचा तिचा शब्द संपला. पुढं दिवाळीला, राखीला यायचं, पोळी खायची, जायचं.

“आत्या, मग तुम्ही घेतलंत ना ते?”

“घेतलं. भावानं देल्लं, कशी नाही घेऊ? पन नेसली नाही. डोकं दुखते म्हनून आतमध्ये झोपून राह्यली. पंच बाहेरच पावलं म्हनून उठले अन् पंगतीले गेले. भूक लागली होती त्याईले.”

तेव्हापासून त्या लुगड्याची घडी तिनं मोडली नव्हती.

याच बाईची दुसरी बाजू ऐका. तिचं सासर माहेरापासून दोन गावं पुढं. पेशीच्या दिवशी बस आधी तिच्या गावाहून निघते, मग माहेरच्या गावात थांबते. ती खिडकीजवळ बसायची आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवायची. कुणी बसायला लागलं की म्हणायची, “जागा हाये.” दोन गावांनंतर तिचा भाऊ चढायचा आणि त्या जागेवर बसायचा. कंडक्टर हसायचा, “काकी, आज भी इसी के लिए?” ती म्हणायची, “हौ. प्रतिवादी हाये माहा. उभं राह्यलं की पाय दुखतात त्याचे.”

हे मला त्या कंडक्टरनंच सांगितलं. पण पुढचं मी स्वतः पाहिलंय. कोर्टाच्या फाटकातून दोघं बरोबर यायची. भाऊ साठीचा, वाळका, मिशा पांढऱ्या. ती त्याला अजून लहान्या म्हणायची आणि तो तिला बाई. पायऱ्या आल्या की तो तिची पिशवी आपल्या हातात घ्यायचा. त्याच्याविरुद्धचे सगळे कागद, आणि ते लुगडं, तोच वर नेऊन द्यायचा. मग दोघं दोन वकिलांकडं जायची.

दुपारी माझ्या टपरीमागच्या करंजाखाली डबा उघडायचा. तांदळाची भाकर, वालाच्या शेंगांची भाजी, जवसाची चटणी. एकदा भाऊ म्हणाला, “मीठ कमी हाये बाई.”

“मीठ बरोबर हाये. तुही जीभ बिघडली, वकिलासंगं बसू बसू.”

तो खाली बघून हसला आणि आणखी भाकर घेतली. मीही त्या डब्यातलं खाल्लंय. इकडं आल्यापासून मला बसवून जेवू घालणारं पहिलं माणूस तीच.

तिला समजवायला किती जण आले! भावाचा वकील आला. गावचा सरपंच आला. तिचा स्वतःचा मुलगा आला. तो गोंदियाला नोकरीला होता, त्याला लाज वाटत होती. म्हणाला, “आई, आपल्याला काय कमी आहे?” ती म्हणाली, “कमी नाही म्हनून सोडाचं असते का? तुह्या मामाले तरी काय कमी हाये? त्याले सांग सोडाले.”

कोर्टानं दोघांना समझौत्याला, म्हणजे तडजोडीला, बोलावलं त्या दिवशी एका साहेबांनी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. प्रतींचा गठ्ठा द्यायला मी तिथंच उभी होते. साहेब गोड बोलत होते. “अम्मा, बहन तो देवी होती है. दिल बड़ा रखो.”

ती पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, “साहेब, दिल मोठंच हाये. म्हनून अर्धंच मांगतो. अन् मी देवी नोहो. मी हिस्सेदार हाव.”

“मायका टूट जाएगा, अम्मा.”

“वावर तं नाही तुटत नं? वावर तेथंच राहते. मी जाईन वावरात.”

सगळ्यांना वाटायचं, म्हातारी कधीतरी म्हणेल की मला जमीन नको, फक्त मान पाहिजे. तसं म्हणाली असती तर सगळ्यांनी तिच्या पाया पडून तिला घरी पाठवलं असतं. ती तसं कधीच म्हणाली नाही. “मले बांधीच पायजे,” म्हणायची. “मान काय, त्यात धान होते का?”

तिसऱ्या वर्षी माझ्या घरून एक पाकीट आलं.

माझे वडील वारून तेव्हा वर्ष झालं होतं. सांगोल्याच्या घरात आणि दोन एकर कोरडवाहूत आम्ही एक भाऊ आणि मी. भावानं हक्कसोडपत्र पाठवलं होतं. फोनवर म्हणाला, “ताई, नुसती सही करून पाठव. इथं यायची दगदग नको.” आवाज प्रेमळ होता. नंतर आणखी एकदा म्हणाला, “तू लांब आहेस ना, म्हणून.” मी हो म्हणाले. मला नाही म्हणता येत नाही. पण सहीही होईना. मी तो कागद मशीनच्या खालच्या ट्रेमध्ये, कोऱ्या कागदांच्या तळाशी सरकवून ठेवला.

आणि माझ्याच हातून व्हायचं ते झालं. एका पेशीला आत्याच्या वीस प्रती काढताना वरचे कागद संपले, आणि माझ्या हक्कसोडपत्राच्या पाठीवर तिच्या दाव्याचं पान छापून बाहेर आलं. मी घाईनं ओढायला गेले, तोवर तिनं उचललं होतं.

“हे काय वं? स्टॅम्पाचा कागद दिसते.”

माझं तोंड उतरलं. मी सगळं सांगितलं. ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, “वाच. मोठ्यानं वाच.”

“आत्या, लोक आहेत.”

“लोक कोर्टातच राहतात. वाच.”

मी वाचायला लागले. मराठीतला कागद होता तरी शब्द अडत होते. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘सदर मिळकतीमधील माझा हक्क मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता…’

“थांब. सोखुशीनं म्हंजे?”

“आपल्या आनंदानं.”

“तू खुश हायेस का?”

मी मान हलवली. नाही.

“मंग हे खोटं लिव्हलं हाये. खोट्यावर सही करू नको. ठेव तसाच. खुश होशील त्या दिवशी कर.”

एवढंच. सही करू नकोस, भांड, दावा लाव, असलं काही ती म्हणाली नाही. कागद पुन्हा माझ्या हातात दिला. वर म्हणाली, “अन् माहं पान पुन्हा काढ. हे तुह्या भावाच्या पाठीवर छापलं.”

मी भावाला फोन करून सांगितलं, कागद खराब झाला. ते खरंही होतं. तो म्हणाला, दुसरा पाठवतो. मी म्हणाले, नको पाठवू. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. पहिले काही महिने मी प्रत्येक रिंगला दचकायची.

आत्याची साक्ष झाली त्या दिवशी मी टपरी शेजारच्या टायपिस्टवर सोपवून मागच्या बाकावर जाऊन बसले. भावाच्या वकिलानं हसत हसत सुरुवात केली.

“तेरहवीं पर भाई ने साड़ी दी थी?”

“देल्ली.”

“आपने ली थी?”

“हौ, घेतली.”

“पंचों के सामने?”

“हौ.”

वकील जज मॅडमकडं वळला. आत्या कठड्याआड वाकली, पिशवीतून लुगडं काढलं आणि कठड्यावर ठेवलं. पुठ्ठा, टाचणी, दुकानाची चिठ्ठी, सगळं जिथल्या तिथं.

“मॅडम, आमच्यात लुगडं नेसलं म्हंजे पावलं. हे पाहा. घडी मोडली नाही.”

कुणीतरी मागं खुदकलं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “अम्मा, इसे अंदर रखिए. ये रिकॉर्ड में नहीं है.”

“मंग घ्या नं रेकार्डात.”

मॅडमनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं. हसू लपवलं असं मला वाटलं, पण ते माझं वाटणं झालं.

खरी गोष्ट भावाच्या साक्षीला घडली. त्याला त्याच्या वकिलानं नीट पढवून आणलं होतं. बहिणीनं पंचांपुढं स्वतःच्या तोंडानं हक्क सोडला, एवढंच म्हणायचं. सकाळी माझ्या टपरीपुढं उभ्या उभ्या त्यानं ते चार वेळा म्हणूनही दाखवलं होतं. आत्या तेव्हा डबा घेऊन शेजारीच उभी होती.

साक्षीत त्याचं पहिलं बोलणं बरोबर झालं. मग आत्याच्या वकिलानं विचारलं, “बहन ने ख़ुद अपने मुँह से कहा था?”

भाऊ गोंधळला. त्याला प्रश्नच चमत्कारिक वाटला. पोरवयाचा वकील आपल्याला रीत माहीत नसल्यासारखं विचारतोय म्हणून तो समजावून सांगायला लागला.

“अजी, बहन कैसे बोलेगी? पंच बोलतात. बहीण आतमध्ये राहते. बायकाईले कोन पुसते?”

त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला. भावाला कळेना काय झालं. त्यानं खोटं सोडून खरं सांगितलं होतं, आणि तेही अभिमानानं, आपल्या घरात सगळं रीतीप्रमाणं झालं हे पटवून देण्यासाठी. त्यानं नेहमीसारखं बाईकडं पाहिलं. लहानपणापासून अडलं की तिकडंच बघायची सवय असणार. ती त्याच्याकडं बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

दुपारी तो डब्याला आला नाही. तीही जेवली नाही. मला म्हणाली, “तू खा. भाजी उतरून जाईन.”

परतीच्या बसमध्ये तिनं जागा धरली. भाऊ चढला, पिशवी पाहिली, आणि सीटजवळच दांडा धरून गावापर्यंत उभा राहिला. पुढच्या पेशीला हे तिनंच मला सांगितलं.

“मग पिशवी उचलून घ्यायची होतीत ना, आत्या. दुसरं कुणी तरी बसलं असतं.”

“मी काहून उचलू? जागा त्याची हाये.” मग मशीनच्या काचेवरची धूळ पदरानं पुसत म्हणाली, “वावर अर्धं माहं हाये.”

त्या दिवशी प्रथमच तिचे डोळे भरलेले पाहिले. मी उगीच कागद नीट करत राहिले. मी म्हणाले, “आत्या, एवढं होतंय तर सोडून द्यायचं का?” मला खरंच तिची काळजी वाटत होती. ती इतक्या जोरात वळली की स्टूल पडलं.

“सोडलं तं तो बसन का जागेवर? बसन. पन मंग मी कोन हाव? लुगडं देल्लेली पाहुनी. भावाजवळ बसाचं तं हिस्सेदार होऊनच बसन.”

निकाल लागला. अर्धा हिस्सा. तोंडी सोडलेला हक्क कोर्टानं मानला नाही. भाऊ वरच्या कोर्टात जाईल असं सगळे म्हणत होते. मुदत संपली, तो गेला नाही. का गेला नाही ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

मोजणीच्या दिवशी काय झालं ते पटवारी टपरीवर येऊन सांगत होता. त्याला सोपं काम हवं होतं. नाल्याकडच्या बांध्या एकाला, वरच्या दुसऱ्याला. आत्या म्हणाली, नाही. नाल्याकडचं घेतलं तर लहान्या म्हणेल, बाईनं ओलं नेलं. वरचं घेतलं तर मी म्हणेन, मला कोरडं दिलं. “एक एक बांधी मधातून चिर.” पटवारी दिवसभर उन्हात फीत ओढत फिरला. “ऐसी औरत नहीं देखी,” असं तो म्हणाला. शिवी होती की कौतुक, त्यालाही ठरवता आलं नसावं.

महिन्याभरानं ती आली. मी आधी ओळखलंच नाही. गर्द जांभळं लुगडं नेसली होती. सहा वर्षं एकाच घडीत राहिल्यामुळं घड्यांच्या रेघांवर रंग उडाला होता. अंगावर फिकट चौकटी उमटल्या होत्या, खांद्यापासून पायापर्यंत. एका जागी टाचणीचा गंजका ठिपका.

“कसं दिसते?”

“आत्या, घडी मोडलीत?”

“मोडली. आता काय हरकत हाये? आता हे भावानं देल्लेलं लुगडं व्हय. हिस्सा वेगळा, लुगडं वेगळं.”

तिनं कागद काढला. नामांतरणाची, म्हणजे फेरफाराची, नक्कल होती. मी वाचायच्या आधीच म्हणाली, “पाह्य वं, यात मी कोठं हाव?”

मी बोट ठेवलं. बापाचं नाव, खाली रेघ, रेघेला आता दोन फाटे. डावीकडं तिचं नाव होतं. थोरली म्हणून आधी.

“पाच कॉप्या काढ,” ती म्हणाली. चार पिशवीत घातल्या, एक मला दिली. “ठेव. तुह्या ट्रेमध्ये. त्या तुह्या कागदाच्या वर ठेव.”

ती तिची शेवटची खेप. पेशी नाही तर बालाघाटला येऊन काय करणार? तिच्या बसची वेळ झाली की मी अजून फाटकाकडं बघते. स्टॅम्पवाला एकदा म्हणाला, “पेशीवाली बाई जीत गई तो अपना ही नुक़सान हुआ.” सगळे हसले आणि आपापल्या कागदांकडं वळले.

कापणी संपल्यावर एक दिवस टपरीपुढं तिचा भाऊ उभा. हातात कापडी पिशवी. एकटाच.

“बाईनं पाठवलं. चिन्नोर हाये. तिच्या बांधीतलं.”

पिशवीचं तोंड उघडलं आणि झेरॉक्सच्या तापलेल्या कागदाच्या वासावर त्या तांदळाचा वास पसरला. मी विचारलं, “बऱ्या आहेत का आत्या?”

“बरी हाये. गुडघे गेले. धुऱ्यावर बसून राहते दिवसभर. तिच्या मजुराईवर वरडते, माह्याईवर बी वरडते.” धुरा म्हणजे बांध, हे मला आता कळतं. “मधात धुरा पडला नं आता. म्हनते, अर्धा धुरा माहा, अर्धा तुहा. डब्बा आनते.”

“मग जेवता ना?”

“नाही जेवत.” मिशीवरून हात फिरवला. “भाजी खातो.”

तो गेल्यावर मी ट्रे उघडला. तिची प्रत उचलली, खालचा माझा कागद काढला. ‘स्वखुशीने’ पर्यंत वाचलं. अजून खुश नव्हते. पुन्हा ठेवला.

मग टपरीत बसूनच भावाला फोन लावला. तीन वर्षांनी. आवाज नीट निघाला. मी म्हणाले, “सही मी करणार नाही. अर्धं माझं आहे. आणि संक्रांतीला मी येतेय. पंढरपूरला गाडी बदलावी लागते. तिथं घ्यायला ये, आणि एस.टी.त चढून माझ्यासाठी जागा धर.”

फोनवर मागं त्याच्या पोरांचा आवाज येत होता. मी कानाला फोन लावून बसले. पिशवीतला तांदूळ मुठीत घेतला होता, तो घामानं हाताला चिकटला होता.

बराच वेळ झाला. त्यानं फोन ठेवला नाही.